विमानातलं खास जेवण आणि अन्नाची अ‍ॅलर्जी : वाचकांचे प्रश्न

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत एक समज दिसला. तिकिटासोबत ‘खास जेवण’ नोंदवलं की अ‍ॅलर्जीची काळजी मिटली, असा. ती नोंद जरूर करावी; पण ती मुळात कशासाठी आहे आणि कुठे अपुरी पडते हे माहीत नसेल, तर तिच्याच भरवशावर माणूस अडचणीत येतो. पत्रं थोडक्यात करून उत्तरांसह देत आहोत. औषधांच्या मात्रा सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, ते अंतिम माना.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाणे आणि काजू या दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. तिकीट काढताना जेवणाची लांबलचक यादी दिसते, पण त्यात अ‍ॅलर्जीसाठी काहीच सापडत नाही. नेमकं काय निवडावं?

उत्तर : सापडत नाही, कारण ती यादी अ‍ॅलर्जीसाठी तयार झालेलीच नाही. विमान कंपन्या जेवणासाठी चार अक्षरी संकेत वापरतात. त्यातले बरेचसे धर्माचे नियम, शाकाहाराचे प्रकार आणि पथ्य यांसाठी आहेत : व्हीजीएमएल म्हणजे पूर्ण वनस्पतिजन्य, एव्हीएमएल म्हणजे आशियाई शाकाहारी, व्हीजेएमएल जैन, एमओएमएल मुस्लिम, केएसएमएल कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांचं, डीबीएमएल मधुमेहींसाठी, एलएसएमएल कमी मिठाचं, बीएलएमएल सौम्य, एफपीएमएल फळांचं. अ‍ॅलर्जीच्या जवळ जाणारे दोनच सर्रास मिळतात : ग्लुटेन (गहू, बार्ली यांतलं प्रथिन) टाळणारं जीएफएमएल आणि कमी लॅक्टोजचं एनएलएमएल. काही कंपन्या शेंगदाणारहित जेवण वेगळ्या संकेताने देतात. अनेक देत नाहीत. देतात त्यांच्याही अटींत ‘अंश राहणार नाही याची हमी नाही’ हे वाक्य असतंच.

व्हीजीएमएल सुरक्षित वाटतं आणि पालक तेच निवडतात. तुमच्या मुलासाठी ते वाईट निवड ठरू शकतं. दूध, अंडी, मांस काढून टाकल्यावर स्निग्धता आणि प्रथिनं आणायला स्वयंपाकी काजू, बदाम, तीळ, सोयाबीन यांकडेच वळतो. फळांची थाळी त्यातल्या त्यात बरी, पण कापलेली फळं ज्या पाटावर आणि सुरीने कापली तिथे आधी काय कापलं होतं हे कोणी सांगू शकत नाही.

एसपीएमएल नावाचा एक मोकळा संकेत असतो. त्यात गरज शब्दांत लिहिता येते. तो कंपनी स्वीकारत असेल तर फोनवरून नोंदवा आणि ‘नट अ‍ॅलर्जी’ असं मोघम लिहू नका. ‘शेंगदाणे आणि काजू : तीव्र अ‍ॅलर्जी, अ‍ॅनाफिलॅक्सिसचा धोका, सोबत अ‍ॅड्रेनालिन आहे’ असं लिहायला सांगा. (अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र प्रतिक्रिया, अ‍ॅड्रेनालिन हे तिच्यावरचं औषध.) शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, काजू झाडावरचा. स्वयंपाकघरात दोघांचे डबे वेगळे असतात, म्हणून दोन्ही नावं स्वतंत्र यायला हवीत. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांना पिस्ताही चालत नाही, तोही डॉक्टरांना विचारून जोडा.

एवढं करूनही आमचं मत स्पष्ट आहे. ज्या मुलाला अंशानेही धोका आहे, त्याने विमानातल्या थाळीतलं शिजवलेलं काही खाऊ नये. सगळं जेवण घरून न्यावं. नोंद तरीही ठेवावी, कारण तिच्यामुळे कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याच्या आसनासमोर काहीतरी लिहिलेलं दिसतं आणि बोलणं सोपं जातं. थाळीतलं फक्त कारखान्यात बंद झालेलं, घटक छापलेलं पाकीट वाचून द्यावं. छापील यादी नसलेलं छोटं चॉकलेट किंवा बिस्कीट सरळ परत करावं.

प्रश्न : मला सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होते. ग्लुटेनमुक्त जेवण नोंदवलं, पेटीवर चिठ्ठीही बरोबर होती, तरी थाळीत गव्हाचा पाव आला. असं कसं होतं?

उत्तर : चिठ्ठी बहुधा मुख्य पदार्थाच्या पेटीवर असते, आणि पाव त्या पेटीतून येत नाही.

विमानातलं जेवण विमानात शिजत नाही. विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात ते उड्डाणाच्या बरेच तास आधी शिजतं, झपाट्याने थंड केलं जातं, थंड खोलीत थाळ्या मांडल्या जातात, त्या ढकलगाड्यांत भरून विमानात चढतात आणि वर फक्त गरम होतात. खास जेवणाची थाळी सहसा वेगळ्या टेबलावर भरतात. पावाची टोपली, सरबतं, खारे दाणे, मधल्या वेळचं सँडविच हे मात्र सगळ्यांसाठी एकच असतं आणि केबिनमध्ये हाताने वाटलं जातं. गडबडीत वाटणाऱ्याने प्रत्येक थाळीवर एक पाव ठेवला, की तुमच्याही थाळीवर तो येतो. त्यावेळी पाव उचलून बाजूला ठेवू नका, थाळी बदलून मागा. चुरा सांडलेला असतो. दुसरी थाळी नसेल तर झाकलेली गरम पेटी तेवढी ठेवा, बाकी परत द्या.

दुसरी गफलत दुसऱ्या जेवणाची. लांब उड्डाणात दोनदा जेवण येतं आणि खास नोंद कधीकधी पहिल्यापुरतीच भरली जाते. पहिली थाळी हातात आली की लगेच विचारा, ‘उतरण्याआधीच्या जेवणातही माझ्या नावाची थाळी आहे का?’ नसेल तर निदान उपाशी किती तास काढायचे ते आधी कळतं. तिसरी गोष्ट सोबतच्या पुड्यांची : सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, सूप आणि सॅलडवरच्या सॉसमध्येही असू शकतो. बिअर बार्लीची असते.

बऱ्याच देशांत पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं. हा आकडा तपासलेल्या, बंद पाकिटाला लागू होतो. जीएफएमएल म्हणजे ग्लुटेनचे घटक न घालता केलेलं जेवण. त्याची प्रत्येक पेटी प्रयोगशाळेत जात नाही. म्हणून पेटीच्या आत कारखान्याचं सीलबंद, प्रमाणित पाकीट असेल तर ते जास्त भरवशाचं.

प्रश्न : दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी कमी लॅक्टोजचं जेवण मागवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी पडलं की पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास होतो, जीव जात नाही. अ‍ॅलर्जी ही केसीन आणि व्हे या दुधातल्या प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया असते. एनएलएमएलमध्ये लॅक्टोज काढून टाकलेलं दूध किंवा मुरलेलं चीज चालतं, आणि त्यात प्रथिनं जशीच्या तशी असतात. दुधाच्या अ‍ॅलर्जीवाल्यांना व्हीजीएमएल जास्त जवळचं. त्यातही ‘दुधाचे अंश असू शकतात’ हा मजकूर शोधावा. शाकाहारी म्हणून दिलेल्या बाकीच्या जेवणांत दूध, लोणी, दही सर्रास असतं.

प्रश्न : संकेतस्थळावर जेवण ‘नोंदवलं’ असं दिसत होतं. विमानात गेल्यावर कळलं, यादीत माझं नावच नाही. चूक कुठे झाली असेल?

उत्तर : चार-पाच ठिकाणं नेहमीची आहेत, आणि ती उड्डाणाआधी तपासता येतात.

नोंद ही ‘विनंती’ म्हणून जाते आणि तिला एक स्थिती असते. आरक्षणाच्या मूळ नोंदीत एचके दिसलं तर मंजूर. एनएन किंवा एचएन असेल तर मागणी गेली आहे, उत्तर आलेलं नाही. यूएन किंवा यूसी म्हणजे देता येत नाही. प्रवाशाच्या पडद्यावर मात्र या तिन्हींसाठी एकच गोड वाक्य दिसू शकतं. म्हणून फोनवर ‘जेवण नोंदवलंय का?’ असं विचारू नका. ‘खास जेवणाची स्थिती मंजूर आहे की प्रलंबित, ती प्रत्येक टप्प्यासाठी वाचून दाखवा’ असं म्हणा.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर जेवण विमान चालवणारी कंपनी देते. तिच्याकडे तुमच्या आरक्षणाचा क्रमांक वेगळा असतो. तो विकणाऱ्या कंपनीकडून मागून घ्या आणि विमानवाल्या कंपनीला थेट फोन करा. मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतलेल्या तिकिटात ही साखळी आणखी एका कडीने लांबते.

वेळापत्रक बदललं, विमान चुकलं, दुसऱ्या उड्डाणात बसवलं की तिकीट पुढे सरकतं, विनंत्या मागे राहू शकतात. बदलाचा ईमेल आला की त्याच दिवशी जेवण पुन्हा नोंदवा. आसन बदललं तरी घोळ होतो, कारण थाळीच्या चिठ्ठीवर आसनाचा क्रमांक छापलेला असतो. शेजाऱ्याशी जागा बदललीत तर कर्मचाऱ्यांना सांगा, नाहीतर तुमची थाळी त्याच्यापुढे जाईल. वरच्या वर्गात बढती मिळाली तर तिथल्या गाडीत तुमचं जेवण नसण्याची शक्यता धरा.

मुदत बहुतेक कंपन्यांत उड्डाणाआधी २४ तास असते. कोशरसारख्या बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या जेवणाला ४८ तास किंवा त्याहून जास्त. आम्ही सुचवतो ते असं : तिकीट काढताना नोंद, ७२ तास आधी फोनवर खातरजमा, चेक-इनला पुन्हा विचारणा आणि विमानात चढताच कर्मचाऱ्यांना आठवण. चौथी पायरी सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात उपयोगी. दरवाजा बंद होण्याआधी थाळी नसल्याचं कळलं तर निदान विमानतळावरून काही आणता येतं.

छोट्या उड्डाणांत जाण्याचं आणि परतीचं जेवण कधीकधी एकाच ठिकाणी भरतात, त्यामुळे परतीची नोंदही तितकीच आधी लागते. जेवण विकत देणाऱ्या स्वस्त कंपन्यांत खास जेवणाची सोय बहुधा नसतेच. पण तिथे पाकीटबंद माल जास्त आणि घटक छापलेले, हा एक फायदा.

प्रश्न : शेजारच्या रांगेत कोणी शेंगदाण्याचं पाकीट फोडलं तर हवेतून त्रास होतो का? सगळ्या विमानात शेंगदाणे बंद करायला सांगता येईल का?

उत्तर : हवेबद्दलची भीती खऱ्या धोक्यापेक्षा मोठी आहे, आणि हाताळलेल्या पृष्ठभागांचा धोका भीतीपेक्षा मोठा आहे.

मोठ्या प्रवासी विमानांत हवा डोक्यावरून येते आणि पायाशी बाहेर जाते. रांगांच्या लांबीने ती फारशी सरकत नाही. ताशी २० ते ३० वेळा केबिनमधली हवा बदलते, आणि पुन्हा फिरवली जाणारी हवा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळण्यांतून येते. शेंगदाण्याचे कण जड, ते लगेच खाली बसतात. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाणे-सुकामेव्याचे अंश विमानाच्या वायुवीजनातून पसरून प्रतिक्रिया होतात याला त्यात पुरावा सापडला नाही; आसनाभोवतीच्या जागा पुसण्यावर मात्र भर दिला गेला. वास आला म्हणजे प्रथिन नाकात गेलं असंही नाही, वास प्रथिनाचा नसतो. अपवाद मासे आणि कोळंबीचा : शिजताना किंवा गरम होताना निघणाऱ्या वाफेतून त्यांची प्रथिनं उडतात आणि संवेदनशील माणसाला शिंका, धाप लागू शकते. अशांनी गॅलीपासून, म्हणजे जेवण गरम होतं त्या जागेपासून, लांबचं आसन मागावं.

खरी घटना अशी घडते : आधीच्या प्रवाशाने दाणे खाल्ले, तेलकट बोटांनी टेबल उघडलं, समोरचा टीव्हीचा पडदा दाबला, पट्टा लावला. दोन उड्डाणांच्या मधे सफाईला मिनिटं मिळतात. मग मूल तिथे हात लावतं आणि तोंडात घालतं.

म्हणून पुसा. ओल्या पुसण्या (वेट वाइप्स) वापरा, जंतुनाशक जेल नको. २००४ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात हातांना शेंगदाण्याचं लोणी फासून वेगवेगळ्या रीतींनी स्वच्छ केलं : साबण-पाणी आणि बाजारातल्या ओल्या पुसण्यांनी प्रथिन निघालं, नुसत्या पाण्याने १२ पैकी ३ हातांवर उरलं आणि जेलने १२ पैकी ६ हातांवर. जेल जंतू मारतं. प्रथिन उचलून नेत नाही, फक्त पसरवतं. टेबलाच्या दोन्ही बाजू, त्याची कडी, हातटेके, पट्ट्याचं बक्कल, पडदा आणि त्याची बटणं, खिडकीची झडप, समोरच्या खिशाची कड अशा क्रमाने जा. एका आसनाला पाच-सहा पुसण्या धरा आणि प्रत्येक भागाला नवी घ्या. एकाच पुसणीने सगळं आसन पुसणं म्हणजे तेल एका जागेवरून दुसरीकडे नेणं. समोरच्या खिशात हात घालू नका, तो कोणी झाडत नाही. विमानातली उशी-पांघरूण टाळा, स्वतःची शाल न्या.

यासाठी दोन-चार मिनिटं हवीत, तीही गर्दी आत येण्याआधी. गेटवर ‘अ‍ॅलर्जी आहे, जागा पुसायला आधी सोडा’ असं सांगा. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०१९ मध्ये हा अपंगत्वाच्या नियमांखाली हक्क मानला आहे. इतरत्र तो सौजन्याचा भाग आहे, पण शांतपणे विचारलं तर सहसा मिळतो.

पूर्ण विमानात बंदीची घोषणा काही कंपन्या करतात, काही अजिबात नाही. मागायला हरकत नाही. पण घोषणा झाली म्हणून पुसणं सोडू नका. ती आजच्या प्रवाशांना लागू होते, कालच्या नाही. त्यापेक्षा आपल्या रांगेला आणि पुढच्या-मागच्या रांगेला दाणे वाटू नयेत एवढी विनंती मान्य होण्याची शक्यता जास्त, आणि शेजाऱ्यांशी स्वतः दोन शब्द बोललेले सर्वात चांगले.

प्रश्न : अ‍ॅड्रेनालिनची पेन (मात्रा भरलेली, दाबून टोचायची इंजेक्शनं) सुरक्षा तपासणीतून नेता येतात का? आणि वर असताना प्रतिक्रिया आलीच तर नेमकं काय करायचं?

उत्तर : नेता येतात, आणि हातातल्या सामानातूनच न्यायची. सामानाच्या कक्षात तापमानाचा भरवसा नाही, आणि बॅग हरवली तर औषधही हरवतं. डॉक्टरांचं पत्र न्या : पासपोर्टवरचंच नाव, औषधाचं मूळ नाव (काही देशांत ते एपिनेफ्रिन म्हणून ओळखतात), मात्रा, किती पेन आणि ‘केबिनमध्ये जवळ ठेवणं आवश्यक’ हे वाक्य. पेन मूळ खोक्यात, औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठीसह असावी. कुपी आणि सिरिंज नेणाऱ्यांना पत्र अपरिहार्यच. नाकात फवारायचं अ‍ॅड्रेनालिन २०२४ पासून अमेरिका आणि युरोपात मंजूर आहे. सुईला घाबरणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं.

दोन पेन, नेहमी दोन, आणि दोन्ही एकाच पाऊचमध्ये. ३० किलोवरच्या माणसाला साधारण ०.३ मिलिग्रॅमची, १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅमची. मूल वाढलं की मात्रा बदलते, हे प्रवासाआधी तपासायचं राहून जातं. साठवण २० ते २५ अंश सेल्सिअसला. फ्रीजमध्ये नको, बर्फाच्या पिशवीला चिकटूनही नको, कारण गोठल्यास यंत्रणा बिघडू शकते. काचेतलं द्रव गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर पेन बदला. वर, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नका. पट्टा बांधायचा इशारा चालू असताना तिथे पोहोचता येत नाही. पायाशी ठेवलेल्या पाऊचमध्ये असावी, आणि सोबतच्या माणसाला तिची जागा माहीत असावी.

आता प्रतिक्रिया. अंगावर गांधी आणि सोबत घसा आवळणं, आवाज बदलणं, धाप, वारंवार उलट्या, चक्कर यांपैकी काही दिसलं की थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात, गरज पडल्यास कपड्यावरूनच, पेन दाबा आणि सूचनेत लिहिलेले सेकंद धरून ठेवा. बनावटीनुसार ते बहुधा ३ ते १० असतात. कर्मचाऱ्यांना हाक मारा आणि ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हाच शब्द वापरा, वेळ लिहून ठेवा. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी पेन.

माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर पाय पसरून बसवा. उभं करू नका आणि ‘तोंडावर पाणी मारून येतो’ म्हणाला तरी स्वच्छतागृहाकडे चालत जाऊ देऊ नका. रक्तदाब उतरलेला असताना एकदम उठल्याने हृदय बंद पडू शकतं. शरम वाटून आजारी माणूस नेमका तिकडेच जायला बघतो, आणि तिथे दाराआड कोणाला काही कळत नाही.

विमानाच्या वैद्यकीय पेटीवर विसंबू नये. अमेरिकी नियमांत १:१००० तीव्रतेच्या अ‍ॅड्रेनालिनचे दोन डोस पेटीत सक्तीचे आहेत, पण ते कुपीतून सिरिंजमध्ये भरावे लागू शकतात आणि त्यासाठी जाणकार माणूस प्रवाशांत सापडावा लागतो. पेन लगेच टोचता येते. पेटी हा दुसरी पेन संपल्यानंतरचा आधार.

बरं वाटलं तरी उतरल्यावर रुग्णालय गाठा. औषधाचा परिणाम थोडा वेळच टिकतो, आणि काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते.

प्रश्न : आधीच अँटी-हिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीची नेहमीची, गोळी घेऊन चढलं तर?

उत्तर : ती खाज आणि गांधी दाबते. घसा आणि रक्तदाब तिला आवरत नाहीत. उलट पहिल्या खुणा झाकल्या जाऊन पेन टोचायला उशीर होतो. रोजची ठरलेली गोळी असेल तर घ्या, ढाल म्हणून नको.

प्रश्न : घरचं जेवण नेताना तपासणीत काय अडतं?

उत्तर : घन पदार्थ बहुधा अडत नाहीत. अडतं ते पसरणारं, ओतता येणारं : दही, सूप, जॅम, दाण्याचं लोणी, चटणीसारखं वाटण. जिथे १०० मिलिलिटरचा नियम आहे तिथे हे सगळं द्रवात मोजलं जातं, आणि डबा अर्धा भरलेला असला तरी मोजतात ती डब्याची क्षमता. वैद्यकीय गरजेच्या आणि बाळाच्या अन्नाला सूट असते, पण तपासणी सुरू होण्याआधी सांगून ते वेगळं काढावं लागतं. बर्फाची पिशवी अमेरिकी तपासणीत पूर्ण गोठलेली असेल तर जाते. वितळून पाणी दिसलं की ती द्रव ठरते, औषधासाठी असल्यास पत्र दाखवा. विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, तोवर ती वितळलेली असते. यावर सोपा मार्ग म्हणजे गोठवलेल्या पिशवीवर टिकणारं जेवण पहिल्याच टप्प्यात संपवायचं आणि पुढच्यासाठी कोरडं ठेवायचं.

शिजवलेलं नाशवंत अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. विमानात ते फ्रीजमध्ये ठेवायला किंवा गरम करायला कर्मचारी बहुतेकदा नकार देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेरचं अन्न त्यांच्या ओव्हनमध्ये गेलं तर पुढच्या अ‍ॅलर्जीवाल्याचं काय? गार खाता येईल असंच न्या. किती न्यावं? घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास मोजा आणि त्याच्या दीडपट वेळेचं न्या. विमानं खोळंबतात तेव्हा विमानतळावरची दुकानंही बंद होतात.

उतरताना उरलेलं बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सगळं अन्न अर्जावर जाहीर करावं लागतं, न केल्यास जागच्या जागी दंड. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधजन्य पदार्थ नेता येत नाहीत. विमानात दिलेलं फळही या नियमांतून सुटत नाही.

प्रश्न : मी इन्सुलिन घेतो. मधुमेहींसाठीचं जेवण नोंदवावं का?

उत्तर : नोंदवलंच पाहिजे असं नाही. डीबीएमएलमध्ये साखर आणि स्निग्धांश कमी असतात, पण कर्बोदकं किती ग्रॅम ते थाळीवर लिहिलेलं नसतं. तुम्ही कर्बोदकं मोजून मात्रा ठरवत असाल तर साधं जेवण आणि तुमचा अंदाज हीच जोडी बरी. काही वेळा ते जेवण गरजेपेक्षा कमी कर्बोदकांचं असतं आणि नेहमीची मात्रा जास्त ठरते.

जलद इन्सुलिन थाळी हातात आल्यावरच टोचा, गाडी दिसल्यावर नको. हवा खराब झाली की गाडी मधेच परत जाते आणि अर्धा-पाऊण तास येत नाही. खास थाळ्या सहसा सगळ्यांच्या आधी वाटतात हेही लक्षात असू द्या. साखर उतरल्यास लगेच घेता येतील अशा १५ ग्रॅम ग्लुकोजच्या तीन-चार मात्रा खिशात ठेवा. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. इन्सुलिनही केबिनमध्येच.

प्रश्न : कमी मिठाचं जेवण विमानात अगदीच बेचव लागतं. मीठ मागावं का?

उत्तर : थोडा दोष जेवणाचा, बराचसा विमानाचा. केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका असतो आणि हवा फार कोरडी. नाक सुकतं, खारट आणि गोड दोन्ही फिकं लागतं. नेहमीच्या थाळ्यांत त्यामुळे मीठ-मसाला चढा असतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी एलएसएमएल सोडू नये. लिंबू किंवा मिरपूड मागा. आंबट आणि तिखट वर तितकंसं मरत नाही.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांनी विशेष पावडर दिली आहे. बाळाचं जेवण म्हणजे बीबीएमएल घेता येईल का?

उत्तर : त्यात बहुधा तयार बाटल्या असतात आणि कोणत्या चवीची मिळेल ते ठरलेलं नसतं, काहींत दूध किंवा दही असतं. घटक वाचूनच द्या आणि वरचं अन्नही स्वतःचं न्या.

पावडर एकेका वेळची मोजून कोरड्या, घट्ट डब्यांत भरा. पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जाऊ न देता पावडर कालवायची आणि मग गार करायची, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला विमानातही पाळता येतो. ८,००० फुटांच्या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे पुरेसं गरम मिळतं. मात्र विमानाच्या टाकीतलं नको. तपासणीनंतर घेतलेल्या बंद बाटलीतलं पाणी गरम करून मिळेल का, हे जेवण वाटायला सुरुवात होण्याआधी विचारा. बनवलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलेलं फेका.

पावडरीचा एक न उघडलेला मूळ डबा हातातल्या सामानात असू द्या. युरोपीय संघात बाळाची दूध पावडर आणि वैद्यकीय कारणासाठीचं अन्न माणशी २ किलोपर्यंत चालतं, पण ते उघडेपर्यंत फ्रीजविना टिकणारं आणि कंपनीच्या बंद वेष्टनात असावं लागतं. मोजून भरलेल्या डब्यांवर कसलंच नाव नसतं. तपासणीत विचारलं तर दाखवायला तो मूळ डबा आणि डॉक्टरांचं पत्र उपयोगी पडतं.